डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर आठवण: दहा हजारांतली दिवाळी

पाच वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात ह्यांची नाशिकच्या अंबडमधली कंपनी बंद पडली. थोरली तेव्हा तिसरीत होती आणि धाकटा बालवाडीतही जात नव्हता. दिवाळी दीड महिन्यावर आली होती. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत रात्री बेरीज मांडायची आणि पहाटे खोडायची, असं आठवडाभर चाललं. एका संध्याकाळी मी सहज थोरलीला विचारलं, "मागच्या दिवाळीतलं तुला काय आठवतं गं?"

तिने लगेच सांगितलं. पहाटे अंधारात आत्याने तेल लावताना तेल गार होतं. आजीने कारीट फोडताना ते उडून शेजारच्या काकांच्या दारात गेलं. कंदिलाला आतून डिंक लागला नव्हता म्हणून बाबा स्टुलावर उभे राहून जेवायच्या वेळेपर्यंत चिकटवत होते. मग आईंना (म्हणजे सासूबाईंना) विचारलं. त्या म्हणाल्या, "अनारसे जाळीदार झाले होते." ह्यांना विचारलं तर पाडव्याच्या पहाटेचं गाणं आठवलं.

अठराशे रुपयांचा फ्रॉक कुणाच्याच तोंडी आला नाही. मिठाईचे डबे, विकतची माळ, फटाक्यांचा मोठा पुडा, काहीच नाही. खर्चाचा मोठा वाटा जिथे गेला होता तिथली एकही आठवण घरात उरली नव्हती. माणसांना जे आठवत होतं त्याला जवळजवळ पैसे लागलेच नव्हते. लागला होता तो वेळ, आणि चार माणसांनी एका जागी असणं.

त्या रात्री शंभर पानी वही काढली. तेव्हापासून दरवर्षी तीच वही लक्ष्मीपूजनाला पाटावर असते. डाव्या पानावर खर्च आणि उजव्या पानावर आठवणी. आमची सगळी पद्धत या दोन पानांवर उभी आहे. ती कशी चालवायची ते क्रमाने सांगते.

सर्वपित्रीला वही उघडा

भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या आणि आश्विनातलं लक्ष्मीपूजन यांत बरोबर एक चांद्रमास असतो. तयारीला हा महिना पुरतो, म्हणून सर्वपित्रीच्या संध्याकाळी घरातली सगळी माणसं एकत्र बसवायची. प्रत्येकाने आधीच्या दिवाळ्यांतल्या तीन गोष्टी सांगायच्या. लहान मुलांना आधी बोलू द्या. मोठ्यांनी सुरुवात केली की मुलं त्यांचीच री ओढतात. "काय हवं?" असं विचारू नका, त्यातून यादी निघते. "काय आठवतं?" असंच विचारा.

उत्तरं उजव्या पानावर ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहायची. "फराळ चांगला होता" असं कुणी म्हणालं तर "कधीचा? कुणी केला? तू कुठे बसला होतास?" असं विचारायचं. मग खरी आठवण निघते.

त्यानंतर डावं पान. गेल्या वर्षीचा खर्च जितका आठवेल तितका, शंभर-दोनशे इकडेतिकडे झाले तरी चालतील. आता दोन पानं शेजारी धरा. उजवीकडे ज्याचा मागमूस नाही असा डावीकडचा प्रत्येक खर्च पेन्सिलीने खोडायचा. उजवीकडे जे दोघा-तिघांच्या तोंडी आलं त्याला हात लावायचा नाही, उलट जमलं तर दोन पैसे जास्तच.

आमच्याकडे पहिल्याच वर्षी मिठाईचे डबे, प्लास्टिकचं तोरण, निम्मे कपडे आणि तीन-चतुर्थांश फटाके खोडले गेले. तेल-उटणं, कंदील, किल्ला, अनारसे आणि पाडवा पहाट राहिली.

आकडा आधी, बाजार नंतर

गेल्या वर्षी आमचा आकडा दहा हजार होता. माणसं पाच. त्यातले सात हजार बोनसचे आणि तीन हजार वर्षभरात साठवलेले.

सातपूर-अंबडच्या बऱ्याच घरांत बोनसचा हिशेब नीट माहीत नसतो म्हणून सांगते. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के आहे. तो सगळ्या पगारावर मोजत नाहीत. सरकारने ठरवलेली मर्यादा (१९६५ च्या बोनस कायद्यात ती महिना सात हजार रुपये होती) किंवा किमान वेतन, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत मोजतात. सात हजार धरले तर वर्षाचे ८४,००० होतात आणि त्याचे ८.३३ टक्के म्हणजे सातेक हजार. किमान वेतन जास्त असेल तर रक्कम वाढते. कंत्राटदाराकडे असलात तरी आपला हिशेब विचारून घ्यावा, त्यात संकोच नको. बोनस हातात पडेपर्यंत मात्र तो खर्चात धरू नये. आम्ही एकदा धरला, पैसे भाऊबीजेनंतर मिळाले आणि मधले आठ दिवस किराणा उधारीवर गेला.

साठवलेले तीन हजार म्हणजे महिन्याला अडीचशे. मी ते बिल्डिंगमधल्या भिशीतून करते. माझा नंबर आश्विनात लागावा हे वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवते. भिशी नको असेल तर डबा चालेल, फक्त त्याचं झाकण आईंकडे द्यावं.

दहा हजारांची वाटणी अशी होती: फराळाचा किराणा ३,२००, कपडे ३,०००, ओवाळणी आणि भेटी १,५००, पणत्या-कंदील-रांगोळी-पूजा ९००, फिरणं ८००, फटाके ३०० आणि हाताशी ३००. प्रत्येक रकमेचं वेगळं पाकीट करून वर नाव लिहायचं. एका पाकिटातले कमी पडले तर दुसऱ्यातून घेता येतात, पण घेताना पाकिटावर तसं लिहायचं. हे लिहिणं टाळलं की पंधरा दिवसांत सगळी पाकिटं एक होतात. तुमचा आकडा चार हजार असेल तरी रीत हीच.

फराळ: चार घरांची एक कढई

पैसे सर्वांत जास्त इथे वाचतात आणि आठवणीही इथेच तयार होतात, म्हणून या भागावर वेळ घालवा.

एका घरात पाच पदार्थ करायचे म्हणजे पाच वेळा तेल तापवणं, पाच प्रकारचं थोडं थोडं सामान आणणं आणि थोडं सामान नेहमी महाग पडतं. आम्ही मजल्यावरच्या चौघींनी ठरवलं की प्रत्येकीने एकच पदार्थ चौघींपुरता करायचा. कुणी चकली, कुणी चिवडा, कुणी शंकरपाळी, कुणी रव्याचे लाडू. सामानाचा खर्च एकत्र मांडायचा आणि चार भाग करायचे. पदार्थ जिच्या हातचा चांगला, तो तिच्याकडे. यात वय किंवा मान आणू नये. आमच्याकडे चकली सर्वांत लहान सून करते, कारण तिचा हात चांगला.

किराणा दसऱ्याच्या आधी आणा. रविवार कारंजाच्या बाजूच्या घाऊक दुकानांत पाच-दहा किलोंनी घेतलं की दर उतरतो आणि चार घरांचं सामान असल्यामुळे तेवढं लागतंच. दसऱ्यानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि डाळीही चढलेल्या असतात. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल असा आनंदाचा शिधा मिळाला होता. तसं काही जाहीर झालं तर जरूर घ्या, पण ते मिळेलच असं धरून हिशेब मांडू नका. रेशनचा तांदूळ मात्र चकलीच्या भाजणीला छान चालतो.

भाजणीचं आमचं प्रमाण: तांदूळ एक किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, मूग डाळ अर्धा पाव, पोहे शंभर ग्रॅम, धने पन्नास ग्रॅम, जिरे पंचवीस ग्रॅम. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत कापडावर वाळवायच्या आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं, कडक झाली तर कमी पडलं. मऊ पडली तर तेल पुरेसं तापलं नव्हतं. पहिली चकली एकटीच सोडून बघावी आणि चुकली तर पिठात कोरडी भाजणी किंवा चमचाभर गरम तेल घालून सुधारावी. सगळा घाणा वाया घालवायचं कारण नाही.

चिवड्यात तेल वाचतं ते उन्हामुळे. आश्विनात नाशिकला दुपारी कडक ऊन असतं. पातळ पोहे गच्चीवर कापडाखाली दोन दुपार ठेवले की कुरकुरीत होतात आणि तेल फक्त फोडणीपुरतं लागतं. काजू-बदाम नकोत. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप आणि भरपूर कढीपत्ता घाला. मीठ आणि पिठीसाखर फोडणी निवल्यावर टाका, म्हणजे पोहे चामट होत नाहीत.

शंकरपाळ्यांना दूध, साखर, तूप एकेक वाटी उकळून निववायचं आणि मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार-पाच वाट्या. आम्ही तूप अर्धं आणि तेल अर्धं घेतो, खुसखुशीतपणा कमी होत नाही. लाडू बेसनाऐवजी पाकातले रव्याचे केले की तुपाचा खर्च बराच उतरतो.

एकाच कढईत सगळं तळणार असाल तर तळणीचा क्रम लक्षात ठेवा. आधी शंकरपाळी, मग चकली, सर्वांत शेवटी तिखट शेव. तिखट-मसाल्याने तेल काळं पडतं, म्हणून ते शेवटी. उरलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवायचं, पुन्हा तळणीला घ्यायचं नाही. आणि पदार्थ पूर्ण निवल्याशिवाय डब्याला झाकण लावू नका. एवढ्याने निम्मा फराळ खराब व्हायचा वाचतो.

अनारसे आमच्या वहीत दरवर्षी उजव्या पानावर येतात, म्हणून ते राहिले. पण अर्ध्या किलो तांदळाचेच. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत वाळवून दळायचे, जवळजवळ तेवढाच गूळ मळायचा आणि चार-पाच दिवस मुरू द्यायचा. रोज पाणी बदलायचं काम धाकट्याकडे आहे. आई त्याला हाक मारतात, "बाळा, तांदळाची आंघोळ झाली का रे?" आणि तो शाळेचं दप्तर टाकून आधी भांड्याकडे पळतो. करंजी मात्र आम्ही सोडून दिली. खोबरं आणि तूप महाग, मोडतात फार, आणि पाच वर्षांत ती कुणाला आठवली नाही. तुमच्याकडे उलट असेल. तुमची वही बघा.

कंदील: चोवीस काड्या

विकतच्या कंदिलाला तीनशे-चारशे सहज जातात. घरी केलेल्याला गेल्या वर्षी आम्हाला सत्तर रुपये लागले. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद पतंगवाल्यांकडे मिळतो. आपल्या जिल्ह्यात येवल्यासारखं पतंगांचं गाव असल्यामुळे हे सामान दुर्मिळ नाही.

वीतभर, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटरच्या, चोवीस काड्या सारख्या कापा. सगळ्यांची लांबी एकच हवी, नाहीतर सांगाडा वाकतो. चार-चार काड्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन करा. आता चार चौकोन शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे धरून त्यांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधा, म्हणजे एक कडं तयार होतं. वरच्या चार टोकांना पाचवा चौकोन आडवा बांधायचा, खालच्या चार टोकांना सहावा. मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. मुलांना हे बघताना फार नवल वाटतं, कारण त्रिकोण कुणी केलेलेच नसतात.

उभ्या चार चौकोनांना एका रंगाचा कागद, आठ त्रिकोणांना दुसरा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. मैद्याची खळ पातळ नको, बोटाला चिकटेल इतकी. खालच्या चौकोनाच्या कडांना हातभर लांब झिरमिळ्या. आत साध्या बल्बऐवजी एलईडी लावा, तो फारसा तापत नाही आणि कागदाला धोका राहत नाही. नऊ वॉटचा एलईडी रोज सहा तास पाच दिवस लावला तरी वीज पाव युनिटच्या आसपास लागते. वायरचा जोड उघडा नाही ना, हे मोठ्या माणसाने बघावं.

हे काम वसुबारसच्या आधीच्या रविवारी ठेवा. त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका. घाईत केलेला कंदील आई-बाबा करतात आणि मुलं बघत राहतात, मग त्यातून काही साधत नाही.

किल्ला, आणि मग खरा किल्ला

सहामाही परीक्षा संपली की मुलांना माती द्या. विटांचे तुकडे, गोणपाट, माती एवढंच लागतं. मोहरी आणि अळीव पेरले की चार दिवसांत हिरवळ उगवते, म्हणून किल्ला वसुबारसच्या चार दिवस आधी लिंपून झालेला हवा. माती ओली राहील इतकंच पाणी शिंपडायचं, ओतलं तर बुरूज खाली येतो.

बहुतेक मुलं प्रतापगड नाहीतर रायगड करतात. आम्ही दोन वर्षांपूर्वी रामशेज केला. तो आपल्याच शहराच्या उत्तरेला आहे. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि मूठभर मावळ्यांनी तो वर्षानुवर्षं लढवला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडाच्या तोफांवर कातडं चढवून भागवलं, असं सांगतात. धाकट्याने आईस्क्रीमच्या काड्यांच्या तोफा केल्या.

आणि मग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखर रामशेजवर गेलो. पायथ्याला आशेवाडी. चढ सोपा आहे, लहान मुलं आणि चालणारे आजी-आजोबा तासाभरात निवांत चढतात. पाणी आणि डब्यातला फराळ सोबत घ्यायचा. वर गेल्यावर धाकटा दरवाजापाशी उभा राहून म्हणाला, "आई, मी हा उलटा बांधला होता." त्या वर्षीचं उजवं पान जवळजवळ सगळं रामशेजनेच भरलं. खर्च झाला तो जाण्या-येण्याचा.

कपडे, पणत्या आणि बाकीची खरेदी

कपड्यांचं थोडक्यात सांगते. दरवर्षी पाचही जणांना नवं घ्यायचं नाही. मुलांना दरवर्षी, मोठ्यांना आळीपाळीने. आमच्याकडे पितृपक्षात नवं कापड आणत नाहीत, म्हणून सर्वपित्री उलटून आकडा ठरला की दसऱ्याच्या गर्दीआधी मेनरोड-शालिमारकडे एक चक्कर मारते. गर्दी नसली की दुकानदार कापड उलगडून दाखवतो आणि भावही बोलता येतो. थोरलीला एकदा माझ्या लग्नातल्या साडीचा परकर-पोलका शिवला. शिंप्याकडे नवरात्राच्या आधी टाकला तरच दिवाळीत हातात येतो. तो परकर वहीत तीन वेळा आला आहे, दुकानातला एकही ड्रेस आलेला नाही.

पणत्या जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून किंवा बुधवारी गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजारातून घ्या. आणल्या की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि वाळवून वापरा. कोरडी माती तेल पिते, भिजवलेली कमी पिते. तेलाचा खर्च बराच वाचतो. वापरून झाल्यावर राखेने घासून कागदात गुंडाळून ठेवल्या तर पुढच्या वर्षी मोडलेल्यांपुरत्याच नव्या आणाव्या लागतात.

उटण्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद आणि मुलतानी माती थोडी थोडी आणून घरी मिसळायची. दसऱ्याच्या झेंडूची चांगली फुलं वाळवून बी ठेवावं. आषाढात कुंडीत किंवा डब्यात पेरलं की पुढच्या दसरा-दिवाळीला तोरणापुरती फुलं घरचीच होतात. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, धनत्रयोदशीला धने-गूळ. ही आपली परंपराच स्वस्त आहे, तिच्यावर बाहेरचा थाट चढवायची गरज नाही.

फटाक्यांचं पाकीट तीनशेचं, त्यात फुलबाज्या, भुईनळे आणि लवंगी. धाकट्याने सुरुवातीला तोंड पाडलं होतं. पाकीट त्याच्याच हातात दिलं आणि दुकानात त्यालाच निवडायला सांगितलं, तेव्हापासून तक्रार नाही.

ओवाळणीचं बोलून टाका

तंगीत सर्वांत जड जाते ती ओवाळणी. भाऊबीजेला ताटात काय पडतं यावर घरोघरी वर्षभर बोललं जातं. कमी टाकलं तर मन खातं आणि उसने घेऊन टाकलं तर पुढचा महिना खातो. यावर एकच उपाय आहे, आधी बोलणं. तेही दसऱ्याच्या सुमाराला, आदल्या दिवशी नाही.

माझी मोठी नणंद नाशिकरोडला असते. मी धीर करून फोन केला. "ताई, एक बोलायचं होतं. यंदा भाऊबीजेला सगळ्यांनी एकशे एकच टाकायचे, असं ठरवू या का? तुम्हाला राग नाही ना येणार?"

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, मीच विचारणार होते गं. आमच्याकडेही ओढाताण आहे. तुला कसं वाटेल म्हणून गप्प बसले."

दोघीही एकमेकींच्या मानासाठी वर्षानुवर्षं न परवडणारा खर्च करत होतो. तेव्हापासून आकडा ठरलेला आहे: एकशे एक, आणि मुलांनी मुलांसाठी हाताने केलेलं काहीतरी. हे पुरुषांनीही बोलावं. भावाने बहिणीला स्वतः फोन केला की तो शब्द जास्त पोचतो. एक काळजी घ्या: माहेरची आई, विधवा काकू, एकटी राहणारी आत्या यांच्यासाठी हा नियम लावू नका. तिथे पाकिटात जास्त ठेवा.

पैसे न लागणाऱ्या जागा

पाडव्याच्या पहाटे शहरात ठिकठिकाणी गाण्यांचे कार्यक्रम असतात. नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची पाडवा पहाट तर आता नाशिककरांच्या सवयीची झाली आहे. पाचच्या आधी पोचलात तर बसायला जागा मिळते. शाल आणि थर्मासमधला चहा घेऊन जा, नोव्हेंबरच्या पहाटे गंगेकडून गार वारा येतो.

एक सकाळ पंचवटीसाठी ठेवा आणि पायी फिरा. रामकुंड, नारोशंकराच्या देवळाची प्रचंड घंटा, मग काळाराम मंदिर. त्याचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणल्याचं सांगतात, ते ऐकून किल्ला केलेली मुलं थांबून दगडाला हात लावतात. याच मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. हेही मुलांना तिथे उभं राहूनच सांगावं.

दुसरी जागा पांडवलेणी. चढायला पायऱ्या आहेत, थांबत थांबत जावं. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन त्यात कोरवून ठेवलं आहे. आईने मुलाची आठवण दगडात लिहिली, एवढं सांगितलं तरी मुलं भिंतीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

त्र्यंबकेश्वरला जायचं असेल तर एसटी सर्वांत सोयीची. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मा दर. ओळखपत्र विसरू नका. आमच्या पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं लागतं. शहराच्या सिटीलिंक बसला मात्र ही सवलत लागू धरू नका, ती सेवा वेगळी आहे.

आठवण जपायचं काम

फोनमधले चारशे फोटो कुणी बघत नाही. तुळशीच्या लग्नाआधी त्यातले बारा निवडायचे, प्रत्येकाने आपल्या पसंतीचे दोन आणि उरलेले दोन सगळ्यांनी मिळून. ते छापून घ्यायचे. मागे मऊ पेन्सिलीने तारीख, जागा, माणसं लिहायची. बॉलपेनने लिहू नका, दाबाच्या खुणा पुढे उमटतात. फोटो वहीत त्या वर्षाच्या पानावर कोपऱ्यांना धरून बसवायचे.

दुसरं, आवाज. फराळ करताना आईंना एकच प्रश्न विचारायचा आणि फोन हातभर अंतरावर ठेवून द्यायचा. पंखा बंद करा, मिक्सर लावू नका. "तुमची सिन्नरची पहिली दिवाळी कशी होती?" असा नेमका प्रश्न हवा, "काहीतरी सांगा" म्हटलं की माणूस अवघडतो. पंधरा मिनिटं पुरे. फाईलला वर्ष आणि नाव द्या आणि दुसऱ्या एखाद्याच्या फोनमध्ये एक प्रत ठेवा. माझ्या वडिलांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही, म्हणून हे मी इतकं आग्रहाने सांगते.

तिसरं, उजवं पान. तेही तुळशीच्या लग्नाआधीच भरायचं. सर्वपित्रीला आठवणी विचारतो त्या जुन्या दिवाळ्यांच्या, या वेळी मात्र नुकत्याच सरलेल्या दिवाळीच्या. ज्याला लिहिता येतं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावं. धाकट्याचं पहिलं पान आरशातल्यासारखं उलट्या अक्षरांचं आहे, ते आम्ही तसंच ठेवलं आहे.

आणि हातात काहीच नसेल तेव्हा

असंही वर्ष येतं. आमचं पहिलं तसंच होतं. तेव्हा वहीत न खोडलेलंही सगळं जमलं नाही, फक्त चार गोष्टी केल्या: नरकचतुर्दशीची पहाटेची आंघोळ, जुन्या साडीच्या काठाचा कंदील, अर्धा किलो पोह्यांचा चिवडा आणि नणंदेच्या घरी भाऊबीज. मुलांपासून काही लपवलं नाही. थोरलीला जवळ घेऊन सांगितलं की बाबांचं काम गेलंय, नवं मिळेपर्यंत पैसे जपून वापरायचे आहेत. ती म्हणाली, "मग तेल मी गरम करते, आत्याने गारच लावलं होतं." मुलांना काम द्या. वाटीत तेल कोमट करणं, रांगोळीचे ठिपके मोजणं, आजीला पाट मांडून देणं. काम मिळालं की त्यांना कमी पडल्यासारखं वाटत नाही.

त्या वर्षी डाव्या पानावर एकूण ६४० रुपये आहेत. समोरच्या पानावर जागा पुरली नाही म्हणून आईंनी सांगितलेलं मी मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आहे: "पोरीने तेल कोमट केलं होतं. इतकं बरोबर कोमट मला माझ्या आईनंतर कुणी लावलं नव्हतं."